मार्सेलस शेल: खडक तोच, साठ्याचा आकडा मात्र दर वेळी नवा

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००२ साली मार्सेलस शेल नावाच्या खडकाबद्दल (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) एक अंदाज दिला: यातून अजून सुमारे २ लाख कोटी घनफूट नैसर्गिक वायू काढता येईल. २०११ मध्ये त्याच खात्याने तोच खडक पुन्हा हिशेबाला घेतला आणि आकडा दिला ८४ लाख कोटी. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या अहवालात ४१० लाख कोटी छापून आले, आणि वर्षभरात त्यांनीच ते खाली आणून १४१ केले. २०१९ मध्ये सर्वेक्षण खात्याने पुन्हा बेरीज मांडली. ती ९७ च्या जवळ थांबली. सगळ्या अमेरिकेला वर्षाला ३० लाख कोटी घनफुटांहून थोडा जास्त वायू लागतो, हे लक्षात ठेवलं की या आकड्यांमधला फरक केवढा आहे ते कळतं.

खडकाचं वय ३९ कोटी वर्षांच्या आसपास. २००२ ते २०१९ या सतरा वर्षांत त्यात वायूचा एक बुडबुडाही वाढलेला नाही. मग २ चे ९७ कसे झाले? आकडे देणारे खोटारडे नव्हते, अडाणीही नव्हते. याचं उत्तर खडकाच्या जडणघडणीत आहे, आणि ती समजून घेतली तर शेल वायूच्या बातम्या वाचताना कुठे भुवई उंचवायची ते आपोआप कळू लागतं.

खडक जवळून पाहिला तर

न्यूयॉर्क राज्यात मार्सेलस नावाचं एक गाव आहे. त्याच्या जवळ हा खडक जमिनीवर उघडा पडलेला दिसतो, म्हणून जेम्स हॉल या भूशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये गावाचंच नाव खडकाला दिलं. तिथून दक्षिणेकडे जावं तसा हा थर जमिनीखाली उतरत जातो. न्यूयॉर्कमध्ये पायाखाली असणारा खडक पेन्सिल्व्हेनियात काही ठिकाणी अडीच किलोमीटरहूनही खोल आहे. पेन्सिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाचा मोठा भाग, न्यूयॉर्कचा दक्षिण भाग, ओहायोची पूर्व बाजू आणि मेरीलँड-व्हर्जिनियाचे तुकडे, एवढा त्याचा पसारा. सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर. ईशान्य पेन्सिल्व्हेनियात तो जाड आहे, पश्चिमेला ओहायोकडे पातळ होत होत संपतो.

उघड्यावरचा तुकडा हातात घेतला तर पहिली गोष्ट जाणवते ती काळेपणा. गाळाचे बरेच खडक करडे, पिवळट, तांबूस असतात. हा जवळजवळ कोळशासारखा काळा. कडेला सुरी घालून उचकटलं तर पातळ पापुद्रे सुटतात. भिंगाखाली धरला तर पिवळसर चकाकणारे बारीक ठिपके दिसतात. ते सोनं नव्हे, पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. वाळूच्या खडकात जसे कण वेगवेगळे दिसतात तसे इथे दिसत नाहीत, कारण कण चिखलाचे आहेत, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक.

काळेपणा आणि पायराइट या दोन खुणा लक्षात ठेवायच्या. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: हा चिखल साठला तेव्हा तळाशी प्राणवायू नव्हता.

प्राणवायू नसलेला समुद्र

डेव्होनियन कल्पाच्या मध्यावर, म्हणजे हा चिखल साठला त्या काळात, आजचा पूर्व अमेरिकेचा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्यावर उथळसर, उबदार समुद्र पसरलेला होता. पूर्वेच्या बाजूने दुसरा भूखंड येऊन खंडाला भिडत होता. त्या टकरीतून अकेडियन पर्वत उभे राहत होते. पर्वताचं ओझं पडलं की शेजारचं भूकवच वाकतं, आणि वाकलेल्या भागात खोलगट द्रोणी तयार होते. मार्सेलसचा चिखल त्या द्रोणीत साठला. त्या पर्वतांमध्ये ज्वालामुखीही होते. त्यांची राख समुद्रात येऊन बसली, आणि मार्सेलसच्या तळाशी ती आजही पातळ थरांच्या रूपात सापडते. या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांमधलं युरेनियम आणि शिसं मोजून खडकाचं वय ठरवता येतं. ३९ कोटी हा आकडा हवेतून आलेला नाही तो असा.

समुद्राच्या वरच्या पाण्यात सूक्ष्म शैवालं भरपूर वाढत होती. ती मरून खाली पडत. एरवी समुद्राच्या तळाशी असं पडलेलं सगळं जिवाणू आणि किडे फस्त करतात, शिल्लक काही उरत नाही. पण कुजण्याच्या क्रियेला प्राणवायू लागतो, आणि खालचं पाणी वरच्या पाण्यात मिसळत नसेल तर तळाचा प्राणवायू संपतो आणि नवा येत नाही. मग शैवालाचे अवशेष अर्धवट कुजलेल्या अवस्थेत चिखलात गाडले जातात. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू तिथे असतात. ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. तो लोहाला भेटला की पायराइट होतो. भिंगाखालचे चमकणारे ठिपके म्हणजे या जिवाणूंच्या कामाचा पुरावा.

तळ कायमचाच प्राणवायूहीन होता की वर्षातले काही महिने, आणि पाणी खरोखर किती खोल होतं, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. मला स्वतःला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावरून कुठल्या भागात सेंद्रिय द्रव्य जास्त साठलं असेल याचे अंदाज बदलतात. मार्सेलसमध्ये सेंद्रिय कार्बनचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही. कुठे एक-दोन टक्के, कुठे दहाच्या पुढे. तळाचा भाग सर्वांत समृद्ध असतो. मध्ये एक चुनखडकाचा पातळ थर येतो, चेरी व्हॅली नावाचा, गोगलगाईसारख्या वळणांच्या शंखांचे जीवाश्म असलेला. म्हणजे मधल्या काळात परिस्थिती बदलली, तळाशी काही जगू शकलं, मग पुन्हा काळा चिखल सुरू झाला.

या चिखलाची आणखी एक खोड आहे. प्राणवायू नसलेल्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळात समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम अडकून बसतं. त्यामुळे मार्सेलस आजूबाजूच्या खडकांपेक्षा जास्त किरणोत्सर्गी आहे. विहिरीत गॅमा किरण मोजणारं यंत्र सोडलं की मार्सेलसच्या पातळीला आलेख एकदम उसळतो. वर-खालचे खडक शांत, आणि मध्येच हा. विहीर खोदणारे आजही ड्रिल कुठल्या थरात आहे ते याच उसळीवरून ओळखतात. हीच गोष्ट पुढे सांडपाण्याच्या वेळी डोकेदुखी होते, पण ते नंतर.

खोल गाडला गेल्यावर

अकेडियन पर्वत झिजत गेले आणि त्यांची माती-वाळू या चिखलावर येऊन पडली. नंतर, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका येऊन उत्तर अमेरिकेवर आदळली आणि आणखी पर्वत, आणखी गाळ तयार झाला. मार्सेलस कित्येक किलोमीटर खाली गेला. खोली वाढली की तापमान वाढतं. शैवालाच्या अवशेषांपासून तोवर केरोजेन नावाचा घट्ट पदार्थ झालेला असतो. ढोबळ मानाने ६० अंश सेल्सियसच्या पुढे त्यातून तेल सुटू लागतं, आणि दीडशेच्या आसपास गेलं की तेलही फुटतं आणि उरतो मुख्यतः मिथेन.

पूर्व भाग जास्त खोल गाडला गेला आणि जास्त तापला. म्हणून ईशान्य पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड, सस्क्वेहाना या परगण्यांत जवळजवळ शुद्ध मिथेन मिळतो. त्याला कोरडा वायू म्हणतात. नैऋत्य पेन्सिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या उत्तर टोकाला तापमान तेवढं चढलं नाही, तिथे मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेनही येतात. हा ओला वायू. वायूचे भाव पडले की कोरड्या भागातली कंपनी हात चोळत बसते. ओल्या भागातली प्रोपेन आणि इथेन विकून दिवस काढते. पिट्सबर्गजवळ मोनाका इथे २०२२ मध्ये सुरू झालेला प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा मोठा कारखाना याच इथेनवर चालतो.

आणखी पूर्वेला गेलं तर प्रकरण हाताबाहेर गेलेलं आहे. पेन्सिल्व्हेनियाचा तो भाग अँथ्रासाइट कोळशासाठी प्रसिद्ध. अँथ्रासाइट म्हणजे सर्वाधिक तापलेला, सर्वाधिक कार्बन उरलेला कोळसा. वरच्या थरांतला कोळसा एवढा तापला असेल तर त्याच्याही खाली असलेल्या मार्सेलसचं काय झालं असेल? खडक आहे, काळाही आहे, पण वायू निघून गेलेला. नकाशावर मार्सेलस रंगवलेला दिसतो तिथे सगळीकडे वायू मिळेल असं समजणाऱ्यांचे पैसे या पट्ट्यात बुडाले आहेत.

वायू आहे, पण बाहेर पडत नाही

नेहमीच्या वायू क्षेत्रात वायू काळ्या खडकात जन्मतो, तिथून निसटतो, वर सरकतो आणि वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकात, वर अभेद्य झाकण असेल तिथे साठतो. विहीर त्या साठ्यात उतरवली की तो आपसूक वर येतो. काळा शेल हा त्या गोष्टीतला जन्मदाता. शंभराहून जास्त वर्षं भूशास्त्रज्ञ त्याच्याकडे तेवढ्याच नजरेने पाहत होते. पण जन्मलेला सगळा वायू निसटत नाही. बराचसा जागच्या जागी राहतो.

राहतो तो दोन प्रकारे. काही सूक्ष्म छिद्रांमध्ये मोकळा असतो, काही केरोजेनच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. मार्सेलसमध्ये छिद्रांचं प्रमाण खडकाच्या आकारमानाच्या साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे अगदीच वाईट नाही. अडचण छिद्रं जोडली जाण्यात आहे. इमारतीत खोल्या भरपूर आहेत, पण दारं जवळजवळ नाहीत, अशी अवस्था. छिद्रांचा आकार नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. वायू वाहू देण्याची या खडकाची क्षमता चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत लाखो पटींनी कमी आहे. खडकाच्या आतल्या मिथेनच्या रेणूला काही मीटर अंतर कापायलाही माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

म्हणजे विहीर उभी खोदली तर थराच्या जाडीएवढाच, ५०-१०० मीटर खडक तिला भेटतो, आणि त्यातलाही भिंतीलगतचा थोडासाच वायू आत येतो.

इथे निसर्गाने एक मदत करून ठेवली आहे, आणि मार्सेलसच्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. केरोजेनपासून वायू तयार होतो तेव्हा त्याला जागा जास्त लागते. खडक बंदिस्त, वायू जायला वाट नाही, त्यामुळे दाब वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे खडक स्वतःहूनच चिरला जातो. पेन स्टेट विद्यापीठाचे टेरी एंगेल्डर आणि फ्रेडोनिया इथल्या विद्यापीठातले गॅरी लॅश यांनी न्यूयॉर्क-पेन्सिल्व्हेनियात उघड्यावर आलेल्या काळ्या शेलमधल्या अशा चिरा वर्षानुवर्षं मोजल्या. त्यांत एक मोठा संच सरळ, उभा, आणि पूर्व-ईशान्य दिशेला धावणारा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला जे-१ म्हणतात. पर्वतरांगांच्या घड्या पडल्या त्याच्या आधीच, वायूच्या दाबाने त्या फुटल्या असाव्यात, अशी त्यांची मांडणी आहे. माणसाने पाणी दाबून खडक फोडण्याच्या तीस कोटी वर्षं आधी खडकाने स्वतःला आतून फोडून घेतलं होतं.

योगायोग असा, की आज या भागात भूकवचावरचा सर्वांत मोठा आडवा दाबही साधारण त्याच दिशेने आहे. पाण्याच्या दाबाने नवी भेग पडते तीही मोठ्या दाबाच्या दिशेनेच धावते. म्हणून विहीर आडवी न्यायची असेल तर या चिरांना काटकोनात न्यायची, म्हणजे उत्तर-वायव्य किंवा दक्षिण-आग्नेय. एकेक मीटर पुढे सरकताना चिरांमागून चिरा छेदल्या जातात. ईशान्य पेन्सिल्व्हेनियातल्या विहिरींचा नकाशा काढून पाहा. जमिनीवरच्या एकेका ठिकाणापासून निघणाऱ्या समांतर रेषा सगळ्या एकाच तिरक्या दिशेला, कंगवा फिरवल्यासारख्या नीट. त्यांची दिशा खडकातल्या जुन्या चिरांनी आणि दाबाने ठरवलेली आहे.

इतकं माहीत असून उशीर का झाला

शेलमधून वायू निघतो ही नवी बातमी नव्हती. १८२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावात विल्यम हार्ट याने आठ-नऊ मीटर खोल विहीर खणून निघालेला वायू दिव्यांसाठी वापरला होता. तो मार्सेलस नव्हे, त्याच्या वरचा दुसरा डेव्होनियन शेल. गॅरी लॅश ज्या गावात शिकवत होते ते हेच फ्रेडोनिया. पुढे विसाव्या शतकात खालच्या ओरिस्कनी वालुकाश्मापर्यंत जाणाऱ्या विहिरी मार्सेलसमधून जाताना अनेकदा वायूचा जोरदार झोत देत. खोदणारे थांबत, झोत ओसरला की पुढे जात. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या सरकारने पूर्वेकडच्या शेल वायूवर मोठा संशोधन प्रकल्प चालवला, खडकाचे नमुने काढले, मोजमापं केली. वायू आहे हे पुन्हा सिद्ध झालं. परवडत नव्हतं एवढंच.

परवडायला लागलं ते टेक्सासमध्ये. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने बार्नेट नावाच्या शेलवर जवळपास दोन दशकं पैसा ओतला. घट्ट, जेलीसारख्या द्रवाऐवजी जवळजवळ साधं पाणी, त्यात घर्षण कमी करणारं थोडं रसायन आणि वाळू, असा स्वस्त प्रयोग १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे यशस्वी झाला. पेन्सिल्व्हेनियात रेंज रिसोर्सेस कंपनीने २००३ मध्ये वॉशिंग्टन परगण्यात रेन्झ नावाची एक विहीर खोदली होती, खालच्या खडकासाठी, आणि ती फसली होती. कंपनीचे भूशास्त्रज्ञ बिल झगोर्स्की यांनी वर राहून गेलेल्या मार्सेलसवर बार्नेटची पद्धत लावून पाहायचं ठरवलं. २००४ मध्ये ते केलं आणि वायू आला. त्यानंतर आडव्या विहिरी आल्या आणि चित्र पालटलं.

आजची पद्धत थोडक्यात अशी. दीड-दोन किलोमीटर सरळ खाली, मग हळूहळू वळण घेऊन थराच्या आत आडवं, पूर्वी एखादा किलोमीटर, आता तीन किलोमीटर किंवा जास्त. आडवं जाताना थराचा सर्वांत समृद्ध पट्टा सुटू नये म्हणून ड्रिलच्या मागे बसवलेला गॅमा मापक सतत सांगत राहतो. वरच्या भागात पोलादी पाइप एकात एक घालून मधल्या पोकळीत सिमेंट भरतात. मग आडव्या भागातल्या पाइपला टोकाकडून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने भोकं पाडतात आणि प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. जुन्या चिरा उघडतात, नव्या पडतात, वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, लांब विहिरींना त्याहून कितीतरी जास्त.

पहिले काही महिने वायू धो धो येतो, कारण चिरांलगतचा मोकळा वायू आधी निघतो. वर्षभरात उत्पादन निम्म्याहून बरंच खाली येतं. त्यानंतर आतल्या खडकातून झिरपणारा आणि केरोजेनला चिकटलेला वायू हळूहळू येत राहतो, वर्षानुवर्षं. म्हणून एकूण उत्पादन टिकवायचं तर नव्या विहिरी खोदतच राहाव्या लागतात.

मग खरा आकडा कोणता

आता सुरुवातीचे आकडे पुन्हा पाहता येतील. खडकात एकूण किती वायू आहे हा एक आकडा. आजच्या तंत्राने त्यातला किती निघेल हा दुसरा. आजच्या भावात काढून पदरात काही पडेल असा किती, हा तिसरा, आणि कंपनीच्या ताळेबंदात जातो तो साधारण हा. बातमीत तिघांनाही सर्रास ‘साठा’ म्हटलं जातं. गोंधळ तिथे होतो.

एंगेल्डर आणि लॅश यांनी २००८ च्या सुरुवातीला सांगितलं की मार्सेलसमध्ये सुमारे ५०० लाख कोटी घनफूट वायू असावा आणि त्यातला दहा टक्के निघाला तरी ५० लाख कोटी होतील. हा पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक अगदी उघड मांडलेला होता. तरी जमिनी भाड्याने घ्यायला धावलेल्या लोकांच्या कानात ५०० च राहिले. सर्वेक्षण खात्याचे २ आणि ८४ हे दोन्ही दुसऱ्या प्रकारचे, तेही अजून न सापडलेल्या वायूपुरते. २००२ मध्ये मार्सेलसमध्ये आडवी विहीर नव्हतीच. त्या वेळच्या उभ्या विहिरींच्या अनुभवावर २ हा आकडा प्रामाणिक होता. २०११ पर्यंत आडव्या विहिरींची काही वर्षांची नोंद हाती आली, म्हणून ८४. ४१० मात्र मला तेव्हाही फुगलेला वाटायला हवा होता असं म्हणणं सोपं आहे. चांगल्या भागातल्या विहिरींचं उत्पादन साऱ्या पसाऱ्याला लावलं की असे आकडे येतात. विहिरींची खरी नोंद जमा होत गेली तसा तो १४१ वर आला.

एका विहिरीला किती क्षेत्र धरायचं, ती आयुष्यभरात किती वायू देईल आणि पसाऱ्याचा किती भाग खरोखर चांगला आहे, या तीन गृहीतकांत थोडा फरक केला तरी शेवटचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून मी साठ्याचा आकडा वाचताना आधी वर्ष पाहतो, मग तो कुठल्या प्रकारचा आहे ते पाहतो. आकडा शेवटी.

पाणी, मिथेन आणि राजकारण

मार्सेलसच्या वायूमुळे भूजलात मिथेन येतो का, यावर अमेरिकेत प्रचंड वाद झाला. १ जानेवारी २००९ रोजी ईशान्य पेन्सिल्व्हेनियातल्या डिमॉक गावात एका घरगुती विहिरीचा मिथेनमुळे स्फोट झाला आणि हे गाव देशभर गाजलं. भूशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर दोन किलोमीटर खालच्या चिरा वाढत वाढत शे-दीडशे मीटरवरच्या भूजलापर्यंत पोहोचणं फार अवघड आहे. मधले थर जाड आहेत आणि चिरेचा जोर वाटेतच संपतो. कच्चा दुवा वेगळा आहे: पाइपाभोवतीचं सिमेंट. ते नीट बसलं नाही तर वायूला वर यायला नळीच मिळते. ड्यूक विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात वायू विहिरींपासून किलोमीटरभराच्या आतल्या पाण्याच्या विहिरींत मिथेन जास्त आढळला, पण फ्रॅकिंगच्या द्रवाच्या खुणा सापडल्या नाहीत. सदोष बांधकामाकडे बोट दाखवणारा हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना फारसा आवडला नाही.

सांडपाण्याचा प्रश्न माझ्या मते जास्त गंभीर होता, आणि त्याची चर्चा कमी झाली. मार्सेलसमध्ये सोडलेल्या पाण्यातला लहान भागच लगेच परत येतो, बाकीचं खडक पिऊन टाकतो. पण जे येतं आणि नंतर वायूबरोबर येत राहतं, ते समुद्राच्या पाण्याच्या पाच-सहा पट खारट असू शकतं. त्यात ब्रोमाइड असतं, बेरियम असतं, आणि युरेनियमच्या क्षयातून आलेलं रेडियमही असतं. सुरुवातीच्या वर्षांत हे पाणी नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांतून नद्यांत जात होतं. क्षार काढण्यासाठी ती केंद्रं बांधलेलीच नव्हती. २०११ मध्ये राज्य सरकारने कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं. त्यानंतर बरंचसं पाणी पुढच्या विहिरीत पुन्हा वापरलं जाऊ लागलं, आणि काही शेजारच्या ओहायोत खोल विहिरींत सोडलं जाऊ लागलं. यंग्सटाउन शहरात २०११ मध्ये झालेले भूकंपाचे धक्के अशाच एका विहिरीशी जोडले गेले. आता याच पाण्यातल्या लिथियमवर डोळा आहे. २०२४ मधल्या एका अभ्यासाने म्हटलं की पेन्सिल्व्हेनियातल्या मार्सेलसच्या पाण्यातला लिथियम सगळा काढता आला तर अमेरिकेच्या गरजेचा ४० टक्क्यांपर्यंत भाग भागेल. ‘काढता आला तर’ या शब्दांखाली जाड रेघ मारून ठेवावी.

राज्याराज्यांची धोरणं वेगळी झाली. न्यूयॉर्कने २०१४ च्या अखेरीस बंदी जाहीर केली आणि पुढे ती कायद्यात घातली. मेरीलँडने २०१७ मध्ये बंदी घातली. पेन्सिल्व्हेनियाने परवानगी दिली आणि टेक्सासखालोखाल देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं वायू उत्पादक राज्य झालं. तिथे जमिनीखालचा वायू बहुधा खासगी मालकीचा असतो, आणि कायद्याने मालकाला उत्पन्नाचा किमान आठवा हिस्सा मिळतो. नदीखोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणारा शेतकरी आणि खालच्या शहरात पाणी पिणारा माणूस यांची मतं वेगळी का, हे त्या आठव्या हिश्शावरून समजतं.

हवामानाचा हिशेबही एका वाक्यात मिटत नाही. तेवढीच वीज कोळशाऐवजी वायूवर बनवली तर कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मा निघतो, आणि स्वस्त वायूमुळे अमेरिकेत कोळशावरची वीज वीस वर्षांत निम्म्यावरून पाचव्या हिश्शाच्याही खाली आली. पण मिथेन जळण्याआधी गळला, तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त ऊब धरतो. किती गळतो यावर सगळा फायदा-तोटा टांगलेला आहे.

खडकातून काढलेला वायू गिऱ्हाइकापर्यंत न्यायला नळ लागतात, आणि मार्सेलसची आजची खरी मर्यादा तीच आहे. पेन्सिल्व्हेनियातून न्यूयॉर्कमार्गे जाणारी कॉन्स्टिट्यूशन वाहिनी न्यूयॉर्कने २०१६ मध्ये अडवली आणि २०२० मध्ये कंपनीने नाद सोडला. वाहिनी अशी अडकलेली असतानाच जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत बॉस्टनच्या बंदरात द्रवरूप वायू घेऊन जहाज आलं आणि त्यात रशियाच्या यमालचा वायू होता. मार्सेलसच्या विहिरी तिथून काहीशे किलोमीटरवर. दक्षिणेकडे जाणारी माउंटन व्हॅली वाहिनी मात्र कोर्टकचेऱ्या पार करून जून २०२४ मध्ये सुरू झाली. नळ टाकणं एवढं जिकिरीचं झाल्यावर उलटा विचार सुरू झाला: वायू गिऱ्हाइकाकडे नेण्यापेक्षा गिऱ्हाईक वायूजवळ आणावं. पेन्सिल्व्हेनियातलं होमर सिटीचं कोळशावरचं वीज केंद्र २०२३ मध्ये बंद पडलं. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या चिमण्या पाडल्या, आणि पाठोपाठ त्याच जागी मार्सेलसच्या वायूवर चालणारं सुमारे ४,४०० मेगावॅटचं नवं केंद्र जाहीर झालं, मुख्यतः शेजारी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरसाठी.